वाढदिवस तुझा, यादी त्याची, आणि व्हिएन्नातला जानेवारी

तुझं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात इथे सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही दोघं जर्मनीत राहता, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गुरुवारी तुझा वाढदिवस आहे आणि नवऱ्याने तुला व्हिएन्नाची ट्रिप गिफ्ट दिलीये, बुधवारी रात्री पोहोचायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी परत. त्याने एक्सेल शीट बनवलंय, सकाळी साडेआठला शॉनब्रुन पॅलेस, मग बेल्व्हेडेर हे चित्रांचं म्युझियम, स्टीफन्सडोम या मोठ्या चर्चचा टॉवर, हॉफबुर्ग राजवाडा, प्राटर बागेतला तो मोठा पाळणा आणि रात्री ओपेरा, तोही उभ्याने बघायचा. मधल्या वेळात सांगलीला आई-बाबांना व्हिडिओ कॉल. तुला ते शीट बघूनच दमायला झालं, पण त्याने एवढं मनापासून केलंय तर बोलू कशी, वाढदिवस माझा म्हणून हट्ट करणं स्वार्थीपणा नाही का, असं तू विचारलंयस.

स्वार्थीपणा अजिबात नाही. पण तुझ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच वाक्य, जे तू जाता जाता लिहिलंयस. मागच्या डिसेंबरात त्याच्या वाढदिवसाला प्रागमध्ये असंच पळत फिरलात, चार वाजता चार्ल्स ब्रिजवर तुला रडू आलं, आणि त्याने विचारलं तर तू म्हणालीस काही नाही, थंडीने डोळ्यांत पाणी येतंय. अगं म्हणजे त्याला माहीतच नाही! त्याच्या हिशोबाने प्राग मस्त झालं, तू खूश होतीस, म्हणून त्याने तस्संच पण अजून मोठं असं तुझ्यासाठी केलं. हे शीट म्हणजे त्याचा हट्ट नाहीये, तुला काय आवडतं याचा त्याने मनापासून लावलेला अंदाज आहे, फक्त तो चुकीच्या माहितीवर लावलाय आणि ती माहिती तू दिलीयेस. हे तुला टोचायला नाही म्हणत, आपल्यातल्या कितीतरी बायका असंच करतात, समोरच्याचा मूड जाऊ नये म्हणून गिळून टाकतात आणि मग ते तिसऱ्याच दिवशी तिसऱ्याच गोष्टीवरून बाहेर येतं.

म्हणून आधी प्रागचं सांग. आणि तिथे पोहोचल्यावर नाही, ह्याच शनिवार-रविवारी घरी, चहा घेताना, पोटभर खाल्लेलं असताना सांग. तक्रारीने सुरू करू नकोस, असं काहीतरी म्हण, "तू एवढं शोधून काढलंस ते मला खरंच खूप आवडलं, पण प्रागला ब्रिजवर मी रडले होते ना ते थंडीमुळे नव्हतं, मी दमले होते आणि तुझा दिवस खराब होईल म्हणून बोलले नाही, ह्या वेळी मला तुझ्यासोबत निवांत बसायचंय." बास. त्याला क्षणभर वाईट वाटेल, वाटू दे, लगेच सारवासारव करायला जाऊ नकोस. तू न बोलता गेलीस तर हेच सगळं गुरुवारी दुपारी भर रस्त्यात वाऱ्यात बाहेर येईल आणि तेव्हा ते जास्त लागेल.

आता त्याच्या हातात "मला नको" एवढंच देऊ नकोस, सोबत दुसरा प्लॅन पण ठेव, कारण ज्याने इतका अभ्यास केलाय त्याला नुसतं पुसून टाकलेलं शीट परत दिलं तर तो गप्प बसेल. व्हिएन्नात त्या दिवसांत उजेड साधारण साडेसात ते पावणेपाच एवढाच असतो आणि पारा शून्याच्या आसपास, वर वारा. म्हणजे बाहेरचं जे बघायचं ते दहा ते एक, तेही नीट नाश्ता करून निघाल्यावर. स्टीफन्सडोम, तिथून ग्राबेन या रस्त्यावरून चालत हॉफबुर्ग, हे सगळं जवळजवळ आहे. टॉवर त्याला हवाच असेल तर दक्षिणेकडच्या टॉवरला ३४३ पायऱ्या आहेत, उत्तरेकडच्याला लिफ्ट आहे आणि तिथेच ती पुम्मेरिन नावाची प्रचंड घंटा आहे, तुम्ही लिफ्टवाला घ्या. सांगलीचा कॉल पण तेव्हाच, तिकडे बारा वाजले की आपल्याकडे साडेचार, आई-बाबांचा चहा चालू असेल, सुनेला हॅपी बर्थडे म्हणतील आणि मागे चर्च पण दिसेल. एकच कॉल, पण निवांत. प्रत्येक ठिकाणी फोन काढून फिरवत बसलात की दोघांपैकी कुणालाच काही दिसत नाही. तो इतकी ठिकाणं कोंबतोय त्यात आई-बाबांना दाखवायची ओढ पण असेल असं मला वाटतं, त्याबद्दल चिडू नकोस.

दुपारी कॉफी हाऊस. हा काही टाइमपास नाही हे त्याला नक्की सांग, व्हिएन्नाची कॉफी हाऊसची संस्कृती २०११ पासून ऑस्ट्रियाच्या युनेस्को वारसा यादीत आहे, म्हणजे त्याच्या शीटमध्ये साइटसीइंगच्या रकान्यात बसते. एका मेलांजवर, म्हणजे तिथल्या दूध घातलेल्या कॉफीवर, तासन् तास बसा, सोबत पाण्याचा ग्लास येतो, लाकडी दांडीला लावलेले पेपर असतात, कुणी उठवत नाही. कॅफे सेंट्रल देखणं आहे पण बाहेर थंडीत रांग लागते. मी तुला कॅफे श्पेर्ल सुचवेन, १८८० चं, आत बिलियर्डची टेबलं आहेत, तिथे केक खाऊन वाढदिवस साजरा करा. तुला जे बोलायचंय, हसायचंय, नुसतं शांत बसायचंय त्यासाठी हे दोन-अडीच तास आहेत आणि ह्यातला एकही मिनिट कापू देऊ नकोस, बाकी कशावरही तडजोड कर.

उजेड जायला लागला की ओपेराजवळून १ नंबरची ट्राम पकडा, श्वेडेनप्लाट्सला उतरून २ नंबरने परत या, रिंगचा, म्हणजे जुन्या शहराभोवतीच्या रस्त्याचा, जवळपास पूर्ण फेरा होतो. जुनी तटबंदी पाडायचा हुकूम सम्राट फ्रान्झ योसेफने १८५७ मध्ये काढला आणि त्या जागी हा रस्ता झाला, त्यामुळे पार्लमेंट, राटहाउस म्हणजे नगरपालिकेची इमारत, बुर्गथिएटर सगळं काचेतून, गरम सीटवर बसून दिसतं. त्याच्या यादीतल्या इमारतींचं समाधान पण होतं.

आणि गुरुवार आहे हे तुमचं नशीब, कारण गुरुवारी कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम रात्री नऊपर्यंत उघडं असतं. बाहेर अंधार पडल्यावर आत जा. ब्रूगेल या जुन्या चित्रकाराच्या चित्रांचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह तिथे आहे, त्यात १५६५ चं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र, कुत्रे आणि माणसं माना खाली घालून परत येतायत, हाताला जेमतेम एक कोल्हा लागलाय आणि खाली गोठलेल्या तळ्यांवर लोक मजेत खेळतायत. त्या एका चित्रासमोर बाकावर दोघं बसा. सगळी दालनं संपवायची नाहीत.

शीटमधलं मी पहिलं काय काढेन तर उभ्याने ओपेरा. तिकीट स्वस्त असतं आणि संगीत उत्तम, पण दिवसभर चालून वर तीन तास उभं राहणं हे वाढदिवसाला नको. त्याला ओपेरा खूपच ऐकायचा असेल तर म्युझियम सोडा आणि कॉफी हाऊसनंतर हॉटेलवर झोपा, दोन्ही नाही. शॉनब्रुनची तिकिटं काढून झालीयेत म्हणतेस, तर ती शुक्रवार सकाळवर ढकलता येतात का ते आजच बघायला लाव. नाही बदलली तर पैसे गेले तर जाऊ देत, शुक्रवारी बागेत फिरा, ती फुकट आहे. बेल्व्हेडेरमधलं क्लिम्टचं ‘द किस’ हे चित्र की म्युझियममधलं ब्रूगेल, दोन्हीपैकी एकच, आणि ते कुठलं हे त्याला ठरवू दे, कारण मेहनत त्याने केलीये आणि त्यालाही काहीतरी स्वतःच्या आवडीचं मिळायला हवं.

एक शेवटचं. त्या दिवशी दमलीस तर "दमले" एवढं म्हणायचं आणि तिथेच कुठेतरी आत शिरून बसायचं, असं दोघांनी निघायच्या आधीच ठरवून टाका. बुटात लोकरीचे मोजे घाल, सुती नको.