राउंडला गप्प राहणाऱ्या रेसिडेंटसाठी

नवे जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचे ज्युनियर रेसिडेंट डॉक्टर, वॉर्डात रुजू झाले की माझ्याकडे ‘आपण इथल्या लायकीचे नाही’ या एकाच चिंतेची पत्रं येतात. यावेळची चार.

प्रश्न : मी सुरगाण्याकडच्या पाड्यावरची. नाशिकमध्येच एमडी मेडिसिनला आहे. राउंडला सरांनी विचारलं की येत असलेलंही आठवत नाही. ‘कोट्यातून आली’ ही कुजबुज कानावर येते. एक दिवस आपलं पितळ उघडं पडणार, असं सतत वाटतं.

प्रवेश कुठल्या यादीतून झाला हा विषय प्रवेशाच्या दिवशीच संपला. तीन वर्षांनी विद्यापीठाची परीक्षा सगळ्यांना एकच आहे. जातीवरून टोमणे मारणं हे नियमांनुसार रॅगिंग आहे. थांबलं नाही तर अँटी-रॅगिंग समितीकडे लेखी तक्रार करा. त्यात कमीपणा नाही.

राउंडला डोकं रिकामं होतं, कारण रात्रभर ड्युटी करून तुम्ही सगळ्यांसमोर उभ्या असता. पण गप्प राहिलात की ‘हिला काहीच येत नाही’ असा अर्थ निघतो. त्यापेक्षा ‘एवढं माहीत आहे सर, पुढचं वाचून संध्याकाळी सांगते’ म्हणा. आणि संध्याकाळी आठवणीने सांगा.

आणखी एक. पावसाळ्यात तुमच्याच भागातून पेशंट येईल. पहाटेपासून पोट दुखतंय, उलटी झाली, एवढंच नातेवाईक सांगतील. यामागे मण्यारीचा दंश असू शकतो. तो बऱ्याचदा दुखत नाही, दाताची खूणही सापडत नाही. ‘रात्री खाली जमिनीवर झोपला होता का?’ हा प्रश्न पाड्यावरचं घर पाहिलेल्याला आधी सुचतो. मग पापण्या खाली येताहेत का, मान उचलता येते का, हे बघायचं आणि सिनियरला लगेच बोलवायचं. पुस्तकात हे सगळ्यांनीच वाचलेलं असतं. घाबरलेल्या आईला तिच्या बोलीत विचारून ते काढून घेणं तुम्हाला जमेल. हेही मेडिसिनच आहे, याची मला खात्री आहे.

प्रश्न : सर्जरीला आहे. पेशंट मला ‘सिस्टर’ म्हणतात, ‘मोठे डॉक्टर कधी येणार?’ विचारतात. आता मलाच मी खरी सर्जन वाटत नाही.

ही शंका बाहेरून तुमच्या मनात शिरली आहे. पेशंटपाशी गेल्यावर आधी नाव आणि ‘मी या युनिटची डॉक्टर’ एवढं स्पष्ट सांगा. खरं तर हे युनिटमधल्या वरिष्ठांनीच पेशंटसमोर सांगायला हवं, आणि तसं त्यांना बिनधास्त म्हणा. शंका फारच छळत असेल तेव्हा लॉगबुक उघडून रुजू झाल्यापासूनच्या नोंदी वाचा.

प्रश्न : इम्पोस्टर सिंड्रोम, म्हणजे यश मिळूनही आपण खोटे आहोत असं वाटत राहणं, हा आजार आहे का? गोळी असते का?

नाही. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये यशस्वी स्त्रियांबद्दल लिहिताना ही अवस्था मांडली. मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत ती नाही. मात्र प्रत्येक भीतीला हे नाव देऊ नका. सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घालायची नळी, टाकता येत नसेल, तर ती खरोखरच येत नाही. ती शिकायची आहे. रात्री तीनला सिनियरला उठवा. ओरडला तर ओरडू दे, पेशंटवर एकट्याने प्रयोग करू नका.

प्रश्न : आमची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. मुलगा नाशिकला ऑर्थोला (हाडांच्या विभागात) रेसिडेंट आहे. ‘मला जमत नाही, सोडतो’ म्हणतो. जेवत नाही, फोन उचलत नाही. एवढ्या कष्टाने मिळालेली सीट, म्हणून आम्ही समजावतो.

सीटचा विषय आजपासून बंद करा. मुलाची ही लक्षणं नवखेपणाच्या धास्तीपलीकडची आहेत, उदासीनतेच्या आजाराची असू शकतात. बागेची कामं राहू द्या आणि आजच नाशिक गाठा. झोप लागते का, जगणं नकोसं वाटतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

पीजी (पदव्युत्तर) विद्यार्थ्याला वर्षाला २० दिवसांची पगारी रजा आहे, ती उपचारासाठी वापरायला लावा. सीट सोडायची की नाही, हे बरं वाटल्यावर त्यालाच ठरवू द्या. विभागप्रमुखांना भेटायचं झालं तर त्याला विचारून, त्याच्यासोबत जा.