एनएलआरचा आकडा पाहून झोप उडालीय?

ताई, सीबीसी या रक्ततपासणीतले न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट (दोन्ही पांढऱ्या पेशीच), म्हणजे एनएलआर. स्तनाच्या कर्करोगात तो चढा असणाऱ्यांचा आजार जास्त उलटतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, हे खरं. पण एकट्या बाईचं पुढचं त्यावरून सांगता येत नाही. साधा संसर्ग, केमोआधीचं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, पांढऱ्या पेशी वाढवायचं जीसीएसएफ इंजेक्शन, कशानेही तो झटक्यात चढतो. म्हणून रक्त कधी दिलं, आधी कोणतं औषध घेतलं, ते तारखेसह वहीत लिहाच. उपचार ठरवताना डॉक्टर आजाराचा टप्पा आणि गाठीच्या तुकड्यावरच्या ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (एक प्रथिन) या तपासण्या बघतात. स्वतःहून महागडं ‘इम्युनिटी पॅनेल’ करू नका, ते पैसे औषधांना लागतील. आणि केमोत ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा.