गुडघा बदललेल्या पेशंटला सेप्टिक आर्थ्रायटिस झाला, तर एम००.०६१ का चालत नाही?

मेडिकल कोडिंग म्हणजे पेशंटच्या नोंदी (चार्ट) वाचून आजारांना आयसीडी-१०-सीएम या अमेरिकन यादीतले कोड देणं. तुम्ही सांगितलेला चार्ट असा: अमेरिकेतलं हॉस्पिटल, पूर्वी उजवा गुडघा बदललेला पेशंट, ताप आणि गुडघ्याला सूज. सांध्यातल्या पाण्याच्या कल्चरमध्ये एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ जंतू). डिस्चार्ज समरीत मात्र "सेप्टिक आर्थ्रायटिस, उजवा गुडघा" (सांध्यातलं जंतूंचं इन्फेक्शन) एवढंच. तुम्ही एम००.०६१ (उजव्या गुडघ्याचा स्टॅफ आर्थ्रायटिस) आणि बी९५.६२ (जंतू एमआरएसए) दिले, कोड तपासणाऱ्या ऑडिटरने एरर काढून टी८४.५३एक्सए (उजव्या कृत्रिम गुडघ्याचं इन्फेक्शन) द्यायला सांगितलं.

मी रोज ऑर्थोचेच चार्ट करतो. माझ्या मते ऑडिटरचं निम्मं बरोबर आहे.

एम०० हा गट पेशंटच्या स्वतःच्या सांध्यासाठी. कृत्रिम सांध्याचं इन्फेक्शन टी८४.५ मध्ये जातं, आणि त्याला कारण आहे. जंतू धातू-प्लॅस्टिकवर थर करून बसतात, तिथे अँटिबायोटिक नीट पोचत नाही, आणि बरेचदा बसवलेला सांधाच काढावा लागतो. म्हणजे आजार वेगळा, खर्चही वेगळा. तेव्हा आधी टी८४.५३एक्सए, मागोमाग बी९५.६२. झेड९६.६५१ (उजवा गुडघा कृत्रिम आहे) लावू नका, उजव्या गुडघ्यात इम्प्लांट आहे हे टी कोडमध्येच आलं. रेझिस्टन्सचा (जंतू औषधाला दाद देत नाही, याचा) झेड१६ पण नको, तो बी९५.६२ मध्येच धरलेला आहे.

पण हे सगळं कधी? डॉक्टरांनी लिहिलं तर! इन्फेक्शन इम्प्लांटचं आहे हा संबंध तुमच्या समरीत कुठेच नाही. कॉम्प्लिकेशनचा कोड द्यायचा तर तो संबंध डॉक्टरांच्या नोंदीतून दिसायला हवा, अशी आयसीडी-१०-सीएमची गाइडलाइन आहे. ऑप नोटमध्ये (ऑपरेशनच्या नोंदीत) इम्प्लांट दिसतंय, कल्चर पॉझिटिव्ह आहे, म्हणून दोन्हीची गाठ आपण मारायची नाही. जंतूचंही तेच: नुसत्या लॅब रिपोर्टवरून बी९५.६२ देता येत नाही, एमआरएसए हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नोटमध्ये यायला हवं.

म्हणून इथे क्वेरी (डॉक्टरांना खुलाशासाठी लेखी प्रश्न) टाकायची, आणि नवे कोडर नेमके तिथेच घसरतात. "हे इम्प्लांटचं इन्फेक्शन आहे असं लिहाल का?" ही क्वेरी बाद, कारण उत्तर आपणच डॉक्टरांच्या तोंडात घातलं. त्याऐवजी चार्टमधल्या गोष्टी तारखेसकट मांडा: उजवा गुडघा बदललेला, ताप, सूज, कल्चरमध्ये एमआरएसए, दिलेलं अँटिबायोटिक. मग विचारा की सेप्टिक आर्थ्रायटिसचं कारण आणि जंतू स्पष्ट करावेत. पर्याय द्या: कृत्रिम सांध्याशी संबंधित, कृत्रिम सांध्याशी संबंधित नाही, इतर, सांगता येत नाही. पैशाचा किंवा डीआरजीचा (हॉस्पिटलचं बिल ज्यावर ठरतं त्या गटाचा) उल्लेख चुकूनही नको.

टी८४.५३एक्सएमधल्या शेवटच्या 'ए'बद्दलही तुम्ही विचारलंय. ए म्हणजे पहिली व्हिजिट नव्हे, इन्फेक्शनवर ॲक्टिव्ह ट्रीटमेंट चालू आहे असा त्याचा अर्थ. सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक चाललं तरी 'ए'च. पुढे इम्प्लांट काढून स्पेसर (मधल्या काळापुरता तात्पुरता ठोकळा) बसवला, इन्फेक्शन गेलं आणि पेशंट नवा सांधा बसवायला आला, की मग झेड४७.३३ (कृत्रिम गुडघा काढल्यानंतरची देखभाल).

आत सांधा नसून फ्रॅक्चरची प्लेट किंवा स्क्रू असेल तर गट टी८४.६. हे ऑप नोट वाचल्याशिवाय कळत नाही, नुसत्या समरीवर जाऊ नका. आणि स्वतःच्या सांध्याच्या केसमध्ये जंतू लिहिलेलाच नसेल तर एम००.९ वर यावं लागतं. त्यात कुठला गुडघा हे तर सोडाच, गुडघा आहे हेसुद्धा राहत नाही. तिथेही क्वेरी टाकणं बरं.

क्वेरी टाकली की चार्ट होल्डवर जातो आणि टार्गेट बोंबलतं, ते मान्य. पण या एररवर रिबटल (ऑडिटरला लेखी हरकत) जरूर टाका. समरीत संबंध लिहिलेला नव्हता हे दाखवा आणि एरर 'चुकीचा कोड' ऐवजी 'क्वेरी राहिली' या सदरात टाकायला सांगा.