नवऱ्याची सही नसली तरी ग्रीन कार्ड टिकतं

अगं, तुझा प्रश्न दोनदा वाचला. पुढच्या वर्षी लग्न, नवरा अमेरिकन सिटिझन, तू सीआर-१ व्हिसावर, म्हणजे सिटिझनच्या नव्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, येणार. आणि मावशीनं भीती घातलीय की पटलं नाही तर तो एका फोनवर तुझं ग्रीन कार्ड रद्द करून तुला विमानात बसवेल. लग्नाआधी असं विचारणं अभद्र वाटतं, असंही लिहिलंयस. काही अभद्र नाही. मी विचारलं नव्हतं, आणि मग न्यू जर्सीत घटस्फोट घेताना सगळं रडत-रडत शिकले.

कार्ड नवरा देत नाही, त्यामुळे तो काढूनही घेऊ शकत नाही. ते सरकार देतं, आणि सरकारनं नाकारलं तरी इमिग्रेशन जजसमोर बाजू मांडायचा हक्क तुला असतो. "परत पाठवतो" हे मी आठ महिने ऐकलं. त्याच्या हातात तसं काहीच नव्हतं, हे वकिलाकडे गेले तेव्हा कळलं.

तू अमेरिकेत उतरशील त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. खोटी लग्नं रोखायला १९८६ मध्ये हा कायदा झाला. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ फॉर्म, म्हणजे दोन वर्षांची अट काढायचा अर्ज, भरायचा असतो. घटस्फोट झाला असेल तर तोच फॉर्म तू एकटीनं भरायचा, 'वेव्हर' म्हणजे नवऱ्याच्या सहीतून सूट मागून. त्याला ९० दिवसांची अट नाही, पण घटस्फोटाचा अंतिम निकाल हातात असावा लागतो. नुसतं वेगळं राहणं चालत नाही. निकाल लांबला आणि मुदत जवळ आली तर वकिलाला विचारून फॉर्म भरून ठेवायचा; यूएससीआयएस, म्हणजे इमिग्रेशनचं सरकारी खातं, निकालाची प्रत मागतं तेव्हा द्यायची. फी २०२४ मध्ये ७५० डॉलर झाली. पावतीचं पत्र येतं, त्यानं जुन्या कार्डाची मुदत ४८ महिने वाढते, म्हणजे नोकरी आणि प्रवास चालू राहतो.

चूक कुणाची, अर्ज कुणी केला, हे तिथे विचारात घेत नाहीत. लग्न करताना संसार करायचाच हेतू होता का, एवढंच बघतात. आणि ते कागदांवरून ठरतं.

माझं घोडं इथेच अडलं होतं. घराचा करार त्याच्या एकट्याच्या नावानं, वीजबिल त्याच्या नावानं, कार त्याची. मी विचारायचे, "माझं नाव कशाला लागतं?" नातं तुटल्यावर त्यानं जॉइंट खात्याचा पासवर्ड बदलला. मग पासपोर्ट घेऊन बँकेच्या शाखेत गेले. खातेदार मीही होते, त्यांनी स्टेटमेंटं छापून दिली. एका रात्री सगळं जमिनीवर महिन्यांप्रमाणे मांडलं. हीटरच्या झोतानं कागद उडायचे म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक वाटी ठेवली. एकत्र भरलेले टॅक्स, विम्याच्या कार्डावर दोघांची नावं, सासूबाईंच्या साठीचे फोटो, साखरपुड्याआधीपासूनचे व्हॉट्सॲप संदेश. सर्वांत कामाची निघाली माझ्या अपेंडिक्सच्या वेळची हॉस्पिटलची नोंद, तातडीचा संपर्क म्हणून त्याचं नाव असलेली. मुलाखतीत अधिकाऱ्यानं तीच बराच वेळ वाचली.

म्हणून आल्या आल्या करारावर, बँक खात्यावर, विम्यावर तुझं नाव घाल. यात अविश्वास नाही. संसार नीट चालला तरी हेच कागद लागणार आहेत. प्रती तुझ्या स्वतःच्या ईमेलवर ठेव, त्याला पासवर्ड माहीत नसेल अशा. पत्ता बदललास तर दहा दिवसांत यूएससीआयएसला कळव, नाहीतर नोटीस जुन्या घरी जाईल.

दोघं वेगळे राहत असताना "एकत्र राहतो" असं लिहून जॉइंट फॉर्म भरायचा सल्ला मला एका एजंटानं दिला होता. तसं कधीच करू नकोस. खरं लग्न होतं, ते खोट्या एका ओळीनं खोटं ठरतं.

मारहाण किंवा क्रूर छळ असेल तर घटस्फोटाची वाट न बघता वेव्हर मागता येतो. न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसोबत उभी आहे. अमेरिकेत कुठूनही १-८००-७९९-७२३३ या घरगुती हिंसाचाराच्या राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करता येतो. हा नंबर आजच पाठ कर.

आणखी तीन गोष्टी. आय-८६४ या हमीपत्रावर तो सही करतो, त्या आर्थिक जबाबदारीतून घटस्फोटानं सुटका होत नाही. सिटिझनशिपसाठी मात्र तीन वर्षांची सवलत जाते, पाच मोजावी लागतात. पण ती पहिल्या कार्डाच्या तारखेपासूनच, म्हणजे दोन वर्षं वाया जात नाहीत. आणि इथला घटस्फोटाचा निकाल भारतात आपोआप चालतो असं समजू नकोस. एकतर्फी परदेशी निकालाबाबत आपल्या सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये कडक अटी घातल्यात. पुन्हा लग्नाचा विचार असेल तर तिकडच्या वकिलाला आधी विचार.

विवाह नोंदणीच्या दाखल्याच्या तीन सही-शिक्क्याच्या प्रती बनव. पासपोर्टबरोबर त्या तुझ्याच हँडबॅगेत असू देत, आणि घरी पोचल्यावर पासपोर्ट "सांभाळून ठेवतो" असं कुणी म्हणालं, तर "मीच ठेवते" असं सांग.