गांजाचं विमान शोधताना

भाऊ, अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात गांजा नेताना पडलेल्या त्या विमानाचा नाद लागला ना, मग तस्कर-माफिया आधी बाजूला ठेव. विमानाचा नोंदणी क्रमांक धर. अमेरिकेतला 'एन'ने सुरू होतो, त्यावरून मालकांची साखळी निघते. एनटीएसबी, म्हणजे तिथली विमान अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था, तिच्या अपघात नोंदी १९६२ पासूनच्या ऑनलाइन आहेत.

विमान पडलं डिसेंबर १९७६ मध्ये, डोंगरातल्या तळ्यात. गिर्यारोहकांनी बर्फ फोडून गांजाची गाठोडी काढली, अन् गोष्टी फुगत गेल्या. आपल्याकडे बंडी उलटली तरी पारावर येईस्तोवर दोनाचे चार बैल होतात, बाप्पा! म्हणून कोणी, कधी सांगितलं ते वहीत लिही.

इंजिनावरच्या पाटीचा फोटो मिळाला तर मोठा करून पाहा. गंजलेला ३ मी ८ वाचला अन् सहा महिने भलत्याच विमानामागे फिरलो.