सिसिलीजवळच्या लिपारी बेटावर पुरातत्त्वाच्या दृष्टीने पाहण्यासारखं काय आहे? स्ट्रॉम्बोलीच्या ज्वालामुखी बेटाला जाता जाता दोन तास पुरतील का?

नाही पुरणार. आणि प्रश्न जरा झोंबलाच, कारण सिसिलीच्या सहलीत आमच्या धाकट्या दिरांनी मला हेच ऐकवलं होतं. "वहिनी, गाव ते केवढं, त्याला इतिहास केवढा असणार? दोन तास पुष्कळ झाले." मी पुण्यात पुरातत्त्व शिकलेय. पुढे त्यात नोकरी केली नाही, पण खापरं आणि थर म्हटलं की मला कुणाचं ऐकायला होत नाही.

सिसिलीतल्या मिलाज्झो बंदराहून बोटीने येऊन उतरलो की बंदराच्या डोक्यावर ज्वालामुखीच्या खडकाचा उंच कडा दिसतो. तोच किल्ला. नवाश्मयुगापासून माणसं त्यावर राहत आली. आसपासच्या उतारांवरची राखमिश्रित माती वारा सतत वर आणून टाकतो, त्यामुळे एका वस्तीवर दुसरी वस्ती बसताना मधला थर नीट राहिला. काही ठिकाणी नऊ-दहा मीटर जाडी आहे. १९५०च्या सुमारास लुइजी बेर्नाबो ब्रेआ आणि मादलेन काव्हालिए यांनी इथे खणायला सुरुवात केली आणि आयुष्यातली कित्येक वर्षं या बेटांना दिली. कांस्ययुगातल्या थरांत त्यांना ग्रीसहून आलेली मायसिनी (तिथल्या कांस्ययुगीन संस्कृतीची) खापरं सापडली. ग्रीसमधला काळ माहीत होता, त्यावरून इथल्या थरांना तारखा बसवता आल्या. दक्षिण इटली आणि सिसिलीच्या प्रागैतिहासाचं वेळापत्रक लावताना विद्वान आजही या कड्याकडे येतात.

तर, कॅथेड्रलच्या शेजारी उत्खननाचा खड्डा तसाच उघडा ठेवलाय. वरून पाहिलं की लंबगोल झोपड्यांचे पाये दिसतात, एकाच्या पोटात दुसरा, त्याला छेदून तिसरा. भाऊजी कठड्याला टेकून म्हणाले, "गोठा पडल्यावर असेच दगड उरतात." मी त्यांना तिथेच उभं केलं. वरचा पाया दाखवला, खालचा दाखवला, दोन्हींच्या मध्ये शेकडो वर्षं आहेत हे सांगितलं. अशाच एका झोपडीच्या जमिनीखाली कुणीतरी सुमारे ७५ किलो मोडके कांस्य पुरून ठेवलं होतं: कुऱ्हाडी, पाती, तुकडे. ते न्यायला मालक परत आला नाही. आमच्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननातल्या गोल झोपड्यांचे आराखडे मी विद्यार्थिदशेत गिरवलेत, त्यामुळे मला तरी हे दगड मुके वाटत नाहीत. भाऊजींचं म्हणणं, पाँपेईत अख्खे रस्ते उभे आहेत, इथे काय आहे? ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईत मुख्यतः एका दिवसाची गोष्ट दिसते. इथे हजारो वर्षांची सलग आहे. मला दुसरी मोठी वाटते, आणि यावर मी माघार घेणार नाही.

संग्रहालय किल्ल्यावरच, वेगवेगळ्या इमारतींत विखुरलेलं आहे. सगळं जमणार नसेल तर नाटकाचे मुखवटे चुकवू नका. तळहातावर मावतील असे भाजक्या मातीचे छोटे मुखवटे, गावालगतच्या दियाना भागातल्या थडग्यांतून निघालेले. ताणलेल्या तोंडाचा गुलाम, भुवया चढवलेला म्हातारा, केसांची ठेवण वेगवेगळी असलेल्या तरुणी. प्राचीन ग्रीक नाटककार मिनँडरच्या सुखात्मिकांतली पात्रं ओळखायला यांचाच आधार घेतात. इ.स.पू. २५२च्या सुमारास रोमनांनी हे शहर घेऊन उद्ध्वस्त केलं, म्हणून मुखवटे त्याआधीचे हे नक्की सांगता येतं.

त्याच रोमनांची आणखी एक गोष्ट. इ.स.पू. ३९४मध्ये त्यांचे दूत ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवस्थानाला सोन्याचं पात्र घेऊन निघाले होते आणि लिपारीच्या जहाजांनी त्यांना चाचे समजून पकडलं. इथला प्रमुख तिमासिथेऊस याने त्यांना सोडवून डेल्फीला सुखरूप पोचवलं. सुमारे १४० वर्षांनी शहर जिंकल्यावर रोमने त्याच्या वंशजांना करमाफी दिली. छोट्या गावाचा इतिहास छोटा, असं म्हणणाऱ्यांना मी हीच गोष्ट ऐकवते.

ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काळी काच, याबद्दल एक. नवाश्मयुगात लिपारीची काच दक्षिण फ्रान्स, माल्टा, डाल्मेशियापर्यंत गेली. पण रोक्के रोस्से इथे दाखवतात तो चमकदार प्रवाह मध्ययुगातल्या उद्रेकाचा आहे. नवाश्मयुगातली माणसं गाबेल्लोत्तो दरीतली काच वापरायची आणि ती बरीचशी नंतरच्या प्युमिसखाली (ज्वालामुखीच्या हलक्या, सच्छिद्र दगडाखाली) गेलीय. गाइडने रोक्के रोस्सेलाच प्राचीन खाण म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. बेर्नाबो ब्रेआ यांनी थरांना ग्रीक दंतकथांतली नावं जोडली, 'ऑसोनियन' वगैरे, ते आज सगळ्यांना मान्य नाही. थर पक्के आहेत, कथा जपून घ्या. आणि किल्ल्यावर चढून जावं लागतं, गुडघे दुखत असतील तर घाई नको.

भाऊजी अजून म्हणतात की माझ्यामुळे त्यांचा स्ट्रॉम्बोली हुकला. तुमचा हुकायचं कारण नाही. लिपारीत एक मुक्काम करा, पूर्ण दिवस किल्ल्यावर काढा, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिपारीच्याच बंदरातून सहलीची बोट पकडून स्ट्रॉम्बोली पाहा.