वाचकांचे प्रश्न : प्लास्टिकमध्ये न मिसळणाऱ्या नॅनोट्यूब

प्रश्न : मी जळगावात ठिबकच्या नळ्या तयार करणाऱ्या कारखान्यात काम करतो. प्लास्टिकमध्ये काजळी मिसळणे हे आमचे रोजचेच काम आहे. प्रयोग म्हणून तितक्याच प्रमाणात कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अणूंच्या जाळीच्या अतिसूक्ष्म नळ्या) मिसळल्या, तर नळी भक्कम होण्याऐवजी वाकवताच तडकली. असे का झाले असावे?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : ठिबकच्या नळीत साधारण अडीच टक्के काजळी असते. खानदेशातल्या उन्हातील अतिनील किरण शोषून प्लास्टिकला जपणे एवढेच तिचे मुख्य काम असते. ताण पेलण्याची अपेक्षा तिच्याकडून कोणी करत नाही. नॅनोट्यूबकडून मात्र आपण नेमकी तीच अपेक्षा ठेवतो, कारण एकेकटी नॅनोट्यूब ताणाला पोलादाच्या सुमारे पाचपट ताठर असते. पण तिचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि प्लास्टिकने धरावे असे त्यावर काहीच नसते. त्यातच या नॅनोट्यूब व्हॅन डर वाल्स बलांमुळे, म्हणजे रेणूंमधील क्षीण आकर्षणामुळे, एकमेकींना चिकटून त्यांच्या जुड्या बनतात. पिठले करताना उकळत्या पाण्यात पीठ एकदम टाकले की गुठळ्या होतात आणि त्यांच्या पोटात पीठ कोरडेच राहते. तसेच वितळलेले प्लास्टिक या जुडीच्या आत पोहोचत नाही. नळी वाकवली की जुडीतल्या नॅनोट्यूब एकमेकींवरून घसरतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. आपल्या नळीचे बहुधा हेच झाले असावे.

यावरचा खरा उपाय जास्त वेळ घुसळण्यात नसून नॅनोट्यूबच्या पृष्ठभागाचे रसायन बदलण्यात आहे. तीव्र नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात तापवल्यावर तिच्या टोकांवर आणि दोषांच्या जागी कार्बॉक्सिल गट (ऑक्सिजन असलेले आम्लधर्मी अणुगट) तयार होतात, आणि त्यांना पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकसारख्या लांब रेणूंच्या, साखळ्या पक्क्या रासायनिक (सहसंयुज) बंधांनी जोडता येतात. तयार साखळी आणून जोडली, तर आधी बसलेल्या साखळ्या मागून येणाऱ्यांची वाट अडवतात आणि आवरण विरळ राहते. त्याऐवजी नॅनोट्यूबवर अभिक्रिया सुरू करणारा रेणू बसवून तिथूनच साखळी वाढवली, तर आवरण दाट होते. 1995 पासून प्रचारात आलेल्या नियंत्रित बहुलकीकरणाच्या (छोटे रेणू जोडून साखळी वाढवण्याच्या) पद्धतींमुळे साखळीची लांबीही ठरवता येते. साखळी मात्र मुख्य प्लास्टिकशी जुळणारी हवी. पाण्याशी सलगी करणारे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल पॉलिथिलीनमध्ये मिसळणार नाही. आपल्या कामासाठी अमाइन (नायट्रोजनयुक्त) गट असलेल्या नॅनोट्यूब आणि त्या गटाशी बंध जोडणारे मॅलेइक अनहायड्राइड बसवलेले पॉलिथिलीन ही जोडी मला अधिक योग्य वाटते.

याची किंमतही मोजावी लागते. प्रत्येक नव्या बंधागणिक कार्बनची अखंड जाळी एका ठिकाणी बिघडते, त्यामुळे विद्युतवाहकता घटते, आणि आम्लाची मात्रा अति झाली तर नॅनोट्यूबचे तुकडे पडतात. म्हणून वीज वाहून नेणारे संमिश्र (नॅनोट्यूब मिसळलेले प्लास्टिक) हवे असेल, तर पॉलिमर नुसता भोवती गुंडाळावा किंवा पायरीनसारख्या सपाट रेणूंच्या आधाराने चिकटवावा. त्यात जाळी शाबूत राहते, पण पकड सैल असल्याने ताण पुरेसा पोहोचत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो : कोरडी भुकटी उघड्यावर हाताळू नका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2014 मध्ये बहुभित्तिका (एकात एक अनेक भिंती असलेल्या) नॅनोट्यूबच्या एका प्रकाराची ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात नोंद केली आहे. तयार मास्टरबॅच, म्हणजे नॅनोट्यूब आधीच दाट प्रमाणात मिसळलेले प्लास्टिकचे दाणे, घेणेच बरे.

प्रश्न : ग्राफीन ऑक्साइडचे थर ‘आपोआप’ रचले जातात म्हणजे नेमके काय होते?
— रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : ग्राफीन ऑक्साइड म्हणजे ऑक्सिजनचे गट असलेले, एका अणूच्या जाडीचे कार्बनचे पत्रे. या पत्र्यांवरील कार्बॉक्सिल गट पाण्यात ऋणभारित होतात, तर पॉलिइथिलिनइमाइनसारख्या पॉलिमरवर धनभार असतो. काचपट्टी आधी या पॉलिमरच्या द्रावणात आणि मग ग्राफीन ऑक्साइडच्या द्रावात बुडवली की विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. पृष्ठभागावरचा भार उलटला की त्याच प्रकारचा आणखी थर चढत नाही, म्हणून प्रत्येक बुडीला काही नॅनोमीटरच जाडी वाढते. शिंपल्याच्या आतल्या चकचकीत भागातही खनिजाचे पत्रे आणि प्रथिने अशीच आलटून पालटून असतात. प्रयोग करताना दर बुडीनंतर पट्टी शुद्ध पाण्याने अवश्य धुवा. नाहीतर उरलेला पॉलिमर पुढच्या द्रावात उतरतो आणि पत्रे काचेवर बसण्याआधीच त्यांचा साका तळाशी जमतो.